तिसरा घाणा

मी काच फुंकणारा माणूस. संस्थेच्या मागच्या अंगाला, सायकली लावायच्या जागेपलीकडे माझं वर्कशॉप आहे. वर शिकलेली मंडळी जे काही शोधून काढतात ते माझ्या नळ्या-चंबूंमध्येच शिजतं, पण त्यांच्या लेखांवर माझं नाव आजवर एकदाही आलेलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ते आत्ता सांगायचं नाही. आत्ता सांगायचं आहे नारिंगीबाईंबद्दल, कारण त्यांचा निरोप समारंभ झाला तेव्हा भाषण करणाऱ्या तिघांनीही त्यांना 'शांत आणि मनमिळाऊ' म्हटलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर नव्हत्याच.

नारिंगीबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं, चेष्टेनं. बाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कायम नारिंगी असायची. हातमोजे घालूनही असायची. मोज्याला भोक पडलं तरी हातातलं काम अर्धवट टाकून दुसरा मोजा घालायला बाई कधी गेल्या नाहीत, हे त्याचं खरं कारण.

त्या एका रंगाऱ्याची मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत कढया आणि मागच्या खोलीत माणसं, असं त्यांचं घर होतं. कापड एकच, झाडाच्या मुळाचा रंगही एकच, पण आधी कुठला क्षार लावला त्यावर लाल उतरणार की जांभळा हे ठरायचं. कढईत काय घातलंय हे न पाहता, नुसत्या ओल्या कापडाकडे बघून कुठला रंग उतरणार ते बाई सातव्या वर्षी सांगायच्या म्हणे. वडील गेले, कढया विकल्या गेल्या, आणि एकोणिसाव्या वर्षी बाई आमच्याकडे बाटल्या धुवायला लागल्या. दहावी झालेल्या. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, एक मुलगी, दोन खोल्यांचं घर, आणि खिडकीच्या कडेवर बंद पडलेल्या घड्याळांची रांग.

बाटल्या धुता धुता त्या माल बनवायला कधी शिकल्या हे कुणालाच नीट सांगता येत नाही. जुने प्रमुख चांगले होते. त्यांनी एकदा बाईंच्या हाती चंबू दिला आणि मग काढून घेतला नाही. माल म्हणजे रुथेनियमचा. हा एक महागडा धातू, काळसर भुकटीच्या रूपात येतो. त्याच्या अणूभोवती सहा जागा असतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. त्या सहा जागी दुसरे रेणू त्याला येऊन धरतात. पुस्तकात त्यांना लिगंड म्हणतात, बाई त्यांना चिमटे म्हणायच्या. दोन टोकांचे तीन चिमटे लावले की सहा जागा भरल्या. असा चिमट्यात पकडलेला धातू निळा उजेड गिळतो आणि नारिंगी उजेड बाहेर टाकतो. अंधारात जांभळा दिवा धरला की बाटली निखाऱ्यासारखी पेटते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा पडला होता.

"माझ्या बाबांकडे मूळ तेच असायचं आणि क्षार बदलायचा," बाई मला म्हणायच्या. "इथे धातू तोच, चिमटा बदलायचा. बाकी धंदा तोच हो, भाऊ."

आणि ते खरंच होतं. चिमट्याला एक शेपूट जोडलं की द्राव जास्त लाल होई आणि चमकही लालीकडे सरके. दुसरं जोडलं की पिवळ्याकडे येई. कुठला रंग गिळायचा, कुठला परत द्यायचा आणि किती वेळानं द्यायचा, हे सगळं चिमटाच ठरवायचा. बाईंनी सत्तावीस वर्षांत शेकडो घाणे काढले. घाणा हाच शब्द त्या वापरायच्या, कढईतून काहीतरी तळून काढावं तसा, आणि त्यांच्यामुळे डॉक्टर झालेली पोरंही 'तिसरा घाणा कधी लागणार?' असंच विचारायची.

बाईंचा एक नियम होता. दिव्याच्या कपाटाच्या दारावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: 'दिव्याखाली न चमकणारा माल टाकून द्यावा.' चमकला तर चांगला, नाही तर टाकाऊच्या पिंपात. तिथे रडारड चालत नसे. एका पोरानं महिनाभर खपून केलेला माल बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत ओतला होता. या कागदाचं पुढे काय झालं ते येईलच.

जुने प्रमुख गेले आणि नवे साहेब आले. हुशार माणूस, खोटं कशाला बोलू? चमकणारी एक पातळ पट्टी बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. हवेतल्या प्राणवायूनं चमक मंदावते, म्हणून पाकिटात अशी पट्टी ठेवली की हवा आत शिरली की नाही ते न उघडता कळेल. पण दोन टोकांच्या चिमट्यांवर त्यांचा राग होता. तीन चिमटे पंख्याच्या पात्यांसारखे बसतात, कधी डावे वळलेले, कधी उजवे. सगळा मिसळलेला माल तयार होतो. त्यापेक्षा तीन टोकांचे दोनच चिमटे लावा, समोरासमोर, सरळ, देखणे. कागदावर ते चित्र फार सुंदर दिसायचं. साहेबांनी ते फळ्यावर काढलं आणि पुसायला मनाई केली.

"आणि तीन टोकांची पकड दोन टोकांपेक्षा घट्टच असणार," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनीही हलवली. त्या नंतर मला म्हणाल्या, "मीही नंदीबैल झाले हो त्या दिवशी."

पहिला घाणा काढला. रंग मस्त लाल. दिवा धरला तर ढिम्म. बाईंनी दिवा बदलला, बाटली बदलली, नायट्रोजन सोडून हवा हाकलली. काही नाही. मग त्यांनी स्वतःच्या नियमानं तो पिंपात ओतला. दुसरा घाणा काढायला आठ दिवस लागले. भांडी तीनदा धुतली, माझ्याकडून नवा चंबू फुंकून घेतला. तोही ढिम्म. तोही ओतला. त्या दिवशी त्या वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"वय झालं का हो माझं?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी विनोद केला. तो चुकीचा होता. त्या न हसता उठून गेल्या, आणि मला दिवसभर स्वतःची चीड येत राहिली.

साहेबांना पाहणी समितीला पट्टी दाखवायची होती, आणि पट्टी काळी. तारीख पंधरा दिवसांवर आलेली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि घाबरलेला हुशार माणूस नेहमी करतो तेच त्यांनी केलं. बाईंना खोलीत बोलावून एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की प्रयोगशाळा सहायकाच्या हलगर्जीपणामुळे माल अशुद्ध झाला, दोन्ही घाणे वाया गेले, आणि सदर सहायकाची रवानगी भांडारात करण्यात येत आहे. खाली सहीची जागा.

"बाई, गैरसमज नको," साहेब म्हणाले. "समितीला कारण तर द्यावंच लागतं ना? तुमची नोकरी जात नाही. भांडारात काम हलकं आहे."

"माल अशुद्ध आहे हे कशावरून?"

"तुमच्याच नियमावरून. तो चमकत नाही."

 बाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "वाचून सांगते."

घरी नवऱ्यानं कागद वाचला आणि भिंग कपाळावर चढवलं. "अगं, कर सही आणि मोकळी हो. अजून सहा वर्षं राहिलीत. भांडारात पंख्याखाली बसशील. एका सहीनं काय बिघडतं?"

"अहो, चालतं घड्याळ समोर ठेवलं आणि कुणी म्हटलं, हे तुम्ही बिघडवलंत असं लिहून द्या, तर द्याल?"

"चालतं असेल तर नाही देणार," नवरा म्हणाला. "पण तुझं चालतंय का?"

बाई मला म्हणाल्या, तो प्रश्न बरोबर होता म्हणूनच त्यांना रात्रभर त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिसरा घाणा लावला. कुणालाही न विचारता. साहेबांनी धातूच्या डबीला हात लावायला मनाई केली होती. डबीची किल्ली बाईंकडेच होती आणि ती मागायला साहेब विसरले होते. साहेबांकडे पीएचडी करणारी एक मुलगी होती, चष्मेवाली, सगळे तिला चष्मीच म्हणायचे. तिनं हे पाहिलं आणि साहेबांना सांगितलं नाही. उलट दारात उभी राहून पहारा दिला. घाणा उतरला तेव्हा बाईंनी परीक्षेची पट्टी लावली. ही एक पांढरा थर दिलेली छोटी पट्टी. थेंब टाकून तिचं टोक द्रावात बुडवलं की रंग वर चढतो, आणि मालात भेसळ असेल तर तो वेगवेगळ्या ठिपक्यांत फुटतो. इथे एकच ठिपका चढला. गोल, स्वच्छ, लाल.

"पट्टी म्हणते शुद्ध, दिवा म्हणतो घाण," बाई म्हणाल्या. "दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय."

यावेळी त्यांनी माल ओतला नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा न चमकणारा माल त्यांनी ठेवून घेतला, आणि दिव्याच्या कपाटासमोरून जाताना कागदाकडे बघायचं टाळलं, असं चष्मीनं मला सांगितलं.

मग घडलं ते चुकून घडलं. अल्कोहोलमधला तो द्राव बाई निर्वात पंपावर आटवत होत्या. पंपाच्या वाटेत मी बनवलेली एक काचेची नळी असते, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली. ती इतकी गार की वाफा तिथेच गोठतात आणि पंपापर्यंत पोचत नाहीत. बाईंचं लक्ष क्षणभर हललं आणि चंबूतला द्राव उसळून त्या गार नळीत जाऊन गोठला. अशी उसळ कुणाकडूनही होते, पण बाईंनी स्वतःला अशा काही शिव्या घातल्या की चष्मी कान झाकून उभी राहिली. माल कुठे कुठे उडाला ते बघायला त्यांनी सवयीनं पडदे ओढले आणि जांभळा दिवा फिरवला. टेबल काळं, चंबू काळा. नळी नायट्रोजनमधून वर काढली, तर ती पेटलेली!

भर दुपारी बाई सायकलींमधून वाट काढत धावत माझ्याकडे आल्या. मी त्यांना धावताना कधीच पाहिलं नव्हतं. "भाऊ, चला. आत्ता. बर्नर बंद करा आणि चला."

मी गेलो. बाईंनी नळी पुन्हा बुडवली, काढली, दिवा धरला. बर्फाच्या थराआडून नारिंगी-लाल उजेड. मग ती उबेला आली तशी चमक विझत गेली, आणि आत राहिला नुसता लाल द्राव. पुन्हा बुडवली, पुन्हा पेटली. आम्ही तिघं लहान पोरांसारखे तेच पुन्हा पुन्हा करत बसलो. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मलाही भरून आलं, आता लपवून काय करायचंय.

असं का, हे चष्मीनं दोन दिवस पुस्तकं उलथून शोधलं आणि मला समजेल असं सांगितलं. उजेड गिळल्यावर रेणूच्या पोटात शक्ती साठते. ती नारिंगी उजेड होऊन बाहेर पडायला थोडा वेळ लागतो. चिमट्याची पकड घट्ट असेल तर तेवढा वेळ ती आत राहते. पकड ढिली असेल तर एका पायरीवर मागचं दार उघडं असतं. खोलीच्या उबेत शक्ती ती पायरी चढते आणि उजेड न होता नुसती उष्णता होऊन निघून जाते. गारठ्यात पायरी चढायचं बळच नसतं, म्हणून ती पुढच्या दारानं, उजेड होऊन येते.

"पण तीन टोकांची पकड घट्ट ना?" मी विचारलं.

बाईंनी माझ्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलला आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा तीन बोटांनी त्याला धरलं. "दोन बाजूंची बोटं बरोबर समोरासमोर यायला हवीत. येतायत का?" येत नव्हती. गोळा मोठा, पंजा लहान. "चिमटा तोकडा आहे, भाऊ. अर्धा वेढा घालायचा त्याला, आणि टोकं पोचत नाहीत. वाकडा धरून बसलाय. सुटत नाही, पण घट्टही नाही." मला ते लगेच पटलं. घाईनं जोडलेली काच अशीच असते, दिसायला सरळ आणि आत ताण.

म्हणजे दोष ना भांड्यांचा, ना बाईंच्या हातांचा. दोष साहेबांच्या सुंदर चित्राचा.

मी त्यांना सांगितलं की जाऊन साहेबांना एकट्यात दाखवा, प्रकरण मिटेल. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बर्नरची नळी तपासायला लागलो. "कागद समितीपुढे जाणार आहे ना? मग हेही समितीपुढेच जाईल." त्यांना द्रव नायट्रोजनसाठी दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं हवं होतं, चांदीचा मुलामा न दिलेलं, म्हणजे आरपार दिसेल. पहिलं माझ्या हातात तडकलं. दुसरं जमलं. आयुष्यात मी याहून चांगलं काम केलेलं नाही, आणि त्याची मागणी कुठल्याही वहीत नोंदलेली नाही.

समिती सकाळी अकराला बसली. चार जण, मधोमध पांढऱ्या केसांच्या एक अध्यक्षबाई. साहेबांनी फळ्यावरचं चित्र समजावलं, मग खाली बघत म्हणाले की हाताळणीतल्या दोषामुळे माल बिघडला, सहायकांचा जबाब जोडत आहोत. आणि त्यांनी बाईंकडे हात पुढे केला. बाईंनी पर्समधून कागद काढला. सहीची जागा कोरीच.

"सही करते," बाई म्हणाल्या. "आधी दहा मिनिटं द्या. आणि पडदे ओढा."

मी भांडं आत नेलं. साहेब उठून काही बोलणार होते, पण अध्यक्षबाईंनी त्यांना हातानंच बसवलं. बाईंनी नळी दाखवली, दिवा धरला, काळी. बुडवली, दिवा धरला. अंधारात चारही चेहरे नारिंगी उजळले.

साहेब हुशार, म्हटलंच होतं मी. ते चटकन म्हणाले, "हा जुन्या मालाचा अंश आहे. दोन टोकांचा. भांड्यात राहिलेला. म्हणजे भेसळ सिद्धच झाली."

"जुना माल उबेतही चमकतो, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी खिशातून जुन्या मालाची छोटी बाटली काढून शेजारी ठेवली. ती खोलीच्या उबेत पेटलेलीच होती. मग गार नळी वर धरली आणि सगळे बघत राहिले. ती विझत गेली. बाटली तशीच जळत राहिली. "यात त्याचा थेंब जरी असता तरी ही पूर्ण विझली नसती. नीट बघा. हवं तर पुन्हा करते, संध्याकाळपर्यंत करते."

 अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग दोष कशात आहे?"

"चिमट्यात. उजेड गिळतो बरोबर, धरून ठेवता येत नाही त्याला. टोकं लांब करा, पुरता वेढा बसेल असा चिमटा घ्या. या मुलीनं तसा शोधून ठेवलाय." चष्मी लाजून मागे सरकली, तर बाईंनी तिला दंडाला धरून पुढे ओढलं.

पडदे उघडले. साहेबांचा चेहरा उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तो कागद फाडून टाका. विषय संपला."

"संपला कसा? सही करते म्हटलंय ना."

त्यांनी टाईप केलेल्या मजकुरावर एक आडवी रेघ ओढली आणि खाली पेनानं लिहायला सुरुवात केली. इतकं सावकाश की खोलीतल्या प्रत्येकाला बसून राहावं लागलं. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

"माल शुद्ध आहे, चिमटा तोकडा आहे. हलगर्जीपणा झालेला नाही. मात्र पहिला आणि दुसरा घाणा मी माझ्या हातानं पिंपात ओतला. ते दोन्ही चांगले होते. परीक्षेची पट्टी न लावता, फक्त दिव्यावर विसंबून ओतले. तो नियम माझाच होता. याआधीही त्या नियमानं किती चांगले घाणे ओतले गेले असतील ते मला माहीत नाही. ही चूक माझी आहे आणि तिच्यावर मी सही करते."

"हे कुणी विचारलंच नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"माझी चूक कुठली ते तुम्ही नाही ठरवायचं," बाई म्हणाल्या, आणि सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्या भांडारात गेल्या नाहीत. लांब टोकांच्या चिमट्याचा पहिला घाणा चार महिन्यांनी उतरला आणि खोलीच्या उबेत चमकला. लेखात चष्मीचं नाव आलं, साहेबांचं आलं, आणि चष्मीनं भांडून बाईंचंही घातलं. माझं नाही आलं. असो.

समिती उठली त्या दुपारी मी भांडं परत घ्यायला वर गेलो, तर बाई स्टुलावर चढून पात्यानं दिव्याच्या कपाटावरचा कागद खरवडत होत्या. सत्तावीस वर्षांचा डिंक, निघता निघत नव्हता. मी म्हटलं, "मी काढतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही लावला होता का?" शेवटी निघाला. त्या जागी त्यांनी नवा कागद लावला, तो अजून तिथेच आहे: 'चमकला नाही तर ओतू नये. आधी मला हाक मारावी.'